शंभर यार्ड : तंबाखू नियंत्रणाचे कायदे खरोखर उपयोगी पडतात काय?

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गेल्या वर्षी ऑगस्ट महिन्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका उपक्रमासाठी आम्ही पाच जण मोजण्याची टेप घेऊन महाविद्यालयाच्या फाटकाशी उभे राहिलो. काम साधेच होते. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूचा कोणताही पदार्थ विकू नये, असे २००३ चा केंद्रीय कायदा सांगतो. शंभर यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. आम्ही कुंपणापासून टेप धरून निघालो. पहिली टपरी लागली तेव्हा आकडा होता २७. तिसरीपाशी पोचलो तेव्हाही ९१ चा आकडा आलेला नव्हता.

दुसऱ्या टपरीवरचे काका आमचा उद्योग हसून पाहत होते. ते म्हणाले, "मोजून काय करणार, भाऊ? उद्या मी बंद केली तरी तुमचीच पोरं पलीकडच्या चौकात जातील. ज्याला खायची तो खाणारच."

खरे सांगायचे तर त्या दिवशी मला काकांचेच म्हणणे पटले. कारण मी स्वतः प्रथम वर्षाला असताना पहिली सिगारेट ह्याच टपरीवरून, एकटीच, सुटी घेतली होती. कुणी मला बळजबरी केली नव्हती. मग कायद्याने काय अडले असते? दुसऱ्या दिवशी वर्गात हा प्रश्न काढला, तेव्हा आमचे सर एवढेच म्हणाले, "हे तुझे मत झाले. पुरावा काय आहे तो पाहून ये."

दिवाळीच्या सुटीत मी त्या पुराव्याच्या मागे लागलो. त्याला दुसरे एक घरगुती कारणही होते, ते पुढे येईलच. वाचनातून जे हाती लागले ते प्रस्तुत लेखात मांडीत आहे. मी वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी नाही; अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला जेवढे उमगले तेवढेच येथे आहे.

अपाय कळला कसा?

तंबाखू वाईट, हे आपल्याकडे कीर्तनकारांपासून शाळामास्तरांपर्यंत सर्वांनी सांगितले आहे. पण 'वाईट' म्हणजे किती वाईट, हे मोजण्याचे काम तुलनेने अलीकडचे. १९५० साली ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल ह्या दोघांनी लंडनमधील रुग्णालयांतील फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण आणि इतर आजारांचे तितकेच रुग्ण घेऊन त्यांच्या सवयींची तुलना केली. गंमत अशी की, डॉल यांना आरंभी संशय होता तो मोटारींच्या धुरावर आणि रस्त्यांवरच्या डांबरावर. ते स्वतः सिगारेट ओढत. आकडे हाती आले तसे त्यांनी ती सोडली.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांना प्रश्नावली धाडली, आणि उत्तरे देणाऱ्यांपैकी ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा पाठपुरावा तब्बल पन्नास वर्षे चालला. २००४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सतत सिगारेट ओढणारे, न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरीने सुमारे दहा वर्षे लवकर मरण पावले होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सुमारे तीन वर्षे परत मिळाली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, आणि तिशीत सोडणाऱ्यांना जवळजवळ सगळीच दहा. आपल्या वयाच्या वाचकांनी हा शेवटचा आकडा ध्यानात ठेवावा.

पण हे झाले विलायतेचे आणि सिगारेटचे. आपल्याकडे तंबाखू ओढण्यापेक्षा खाण्याचे प्रमाण मोठे. ह्या बाबतीत महाराष्ट्रात झालेले काम आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासली. त्याचा वृत्तान्त १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. एक लाखाहून अधिक खेडुतांना आ करायला लावून आत पाहायचे, हे काम किती चिकाटीचे असेल त्याची कल्पना करावी.

पुढे १९९० च्या दशकात मुंबईत मतदारयाद्यांच्या आधारे पस्तीस वर्षांवरील लोकांची पाहणी झाली, आणि काही वर्षांनी घरोघर जाऊन कोण हयात आहे व कोण नाही ह्याची नोंद घेण्यात आली. अशा ५२,५६८ व्यक्तींचा हिशेब २००० साली प्रसिद्ध झाला. तंबाखू न वापरणाऱ्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा मृत्यूचा धोका १.३९ पट होता, तर विडी ओढणाऱ्यांचा १.७८ पट. तंबाखू खाणाऱ्या वा दातांना लावणाऱ्या स्त्रियांत तो १.३५ पट आढळला. सोप्या भाषेत सांगायचे तर, तंबाखू न वापरणाऱ्या स्त्रियांच्या एखाद्या समूहात १०० मृत्यू झाले असतील, तर तेवढ्याच संख्येच्या व त्याच वयाच्या, तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांत १३५ झाले.

'सिगारेट घातक, विडी आपली गरिबाची, पानाची, निरुपद्रवी' असे म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

कळते, पण वळत नाही

येथे कुणी विचारील, सर्व कळले आहे तर लोक सोडत का नाहीत? अर्थशास्त्राच्या पहिल्याच पाठात आपण शिकतो की, ग्राहक विचारपूर्वक निवड करतो. तंबाखूच्या बाबतीत हे गृहीतक कोसळते. कारण निकोटीनची सवय लागल्यावर निवड त्या माणसाच्या हाती पुरती उरत नाही. २०१६-१७ मध्ये आपल्या देशात झालेल्या प्रौढांच्या तंबाखू-सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांहून अधिक आणि तंबाखू खाणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांनी सोडण्याचा विचार असल्याचे सांगितले. म्हणजे 'ज्याला खायची तो खाणारच' हे काकांचे वाक्य अर्धेच खरे आहे. खाणाऱ्यांतल्या निम्म्यांना ती खायची नाही!

केवळ 'अपायकारक आहे' एवढे सांगून भागत नाही, हाही आपल्याच देशाचा अनुभव आहे. १९७५ च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर धूम्रपान आरोग्यास अपायकारक असल्याची सूचना छापणे सक्तीचे केले. पण अक्षरे बारीक, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला त्यांचा उपयोग शून्य. विडी आणि खाण्याची तंबाखू तर त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली. उपदेश झाला, उपाय झाला नाही. मग उपाय कोणते? जगभरच्या अभ्यासांतून जे पुन्हा पुन्हा सिद्ध झाले त्यांपैकी तीन आधी पाहू.

पहिला उपाय : किंमत

सर्वांत खात्रीचा उपाय कोणता असे विचाराल, तर संशोधकांचे उत्तर आपल्या विषयातले आहे : किंमत. तंबाखूची मागणी अलवचीक असते, असे आपण पुस्तकात वाचतो आणि परीक्षेत उदाहरण म्हणून लिहितो. पण अलवचीक म्हणजे अचल नव्हे. आपल्यासारख्या मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत किंमत दहा टक्क्यांनी वाढली, तर खप साधारण पाच टक्क्यांनी घटतो, असे अनेक अभ्यासांचे सार आहे. आणि ही घट सर्वांत जास्त होते ती तरुणांत आणि गरिबांत, म्हणजे ज्यांच्या खिशात मोजके पैसे असतात त्यांच्यात.

फ्रान्सने १९९० ते २००५ ह्या काळात सिगारेटची खरी किंमत, म्हणजे महागाई वजा जाता, तिपटीने वाढवली. खप निम्म्यावर आला. दक्षिण आफ्रिकेतही १९९० च्या दशकापासून कर वाढवत नेल्यावर दरडोई खप जवळजवळ निम्मा झाला, आणि सरकारचे उत्पन्न घटण्याऐवजी वाढले. हे कसे, असा प्रश्न पडेल. उत्तर त्या 'अलवचीक' शब्दातच आहे. खप घटतो त्यापेक्षा किंमत अधिक वाढते. त्यामुळे तिजोरीही भरते आणि माणसेही वाचतात.

आपल्याकडे मात्र ह्या उपायाला एक मोठे भगदाड आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा सिगारेटवर उपकर बसला, विडीवर बसला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कर परिषदेने सिगारेट-गुटख्यासाठी ४० टक्क्यांचा टप्पा ठरवला. त्याच बैठकीत विडीचा दर मात्र २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरले. वर दिलेले १.३९ आणि १.७८ हे आकडे आठवावेत. ज्या वस्तूने अधिक माणसे मरतात, तिच्यावर कर कमी! हा दर गरिबांच्या कळवळ्यापोटी असेल, तर तो कळवळा गरिबाला महागात पडणारा आहे.

तंबाखूमुळे सरकारला उत्पन्न मिळते, ह्या युक्तिवादाचाही हिशेब झाला आहे. २०१७-१८ ह्या एका वर्षात पस्तीस वर्षांवरील भारतीयांच्या तंबाखूजन्य आजारांचा व अकाली मृत्यूंचा आर्थिक भार १,७७,३४१ कोटी रुपये होता, असे एका अभ्यासात दिसून आले. अबकारी कराच्या रूपाने येणाऱ्या दर शंभर रुपयांमागे समाज ८१६ रुपये गमावतो. असा व्यापार कोणताही किराणा दुकानदार एक महिनाही चालवणार नाही.

दुसरा उपाय : चित्र

पाकिटावर शब्दांऐवजी मोठे चित्र छापण्याची सुरुवात कॅनडाने २००१ च्या सुमारास केली. भारतात चित्ररूप इशारा ३१ मे २००९ पासून आला, पण ती चित्रे लहान व पुसट होती. १ एप्रिल २०१६ पासून वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापावा असा नियम लागू झाला, आणि विडी-तंबाखूही त्यातून सुटली नाही.

याचा परिणाम झाला काय? योगायोगाने ह्या बदलाच्या आधी व नंतर अशी दोन राष्ट्रीय सर्वेक्षणे झालेली आहेत. पाकिटावरचा इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आला, असे २००९-१० मध्ये विडी ओढणाऱ्यांपैकी २९.३ टक्के लोकांनी सांगितले होते. २०१६-१७ मध्ये हे प्रमाण ५३.८ टक्के झाले. सिगारेट ओढणाऱ्यांत ते ३८ वरून ६१.९, आणि तंबाखू खाणाऱ्यांत ३३.८ वरून ४६.२ टक्क्यांवर गेले. विचार येणे म्हणजे सोडणे नव्हे, हे मान्य. परंतु विचार आल्यावाचून कुणी सोडीत नाही, हेही तितकेच खरे.

येथे मला माझी सुटी सिगारेट आठवते. सुट्या सिगारेटला ना पाकीट, ना चित्र. एका सिगारेटला लागतात चार पैसे, आणि ते विद्यार्थ्याच्या खिशात असतातच. म्हणजे किंमत आणि चित्र हे दोन्ही उपाय एका सुट्या सिगारेटने निकामी होतात. हे ओळखूनच महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. ती कितपत पाळली जाते हे आपण सर्वजण जाणतो.

तिसरा उपाय : दुसऱ्याचा धूर

'माझा जीव, माझी सिगारेट' असे म्हणणाऱ्यांना १९८१ साली एका जपानी शास्त्रज्ञाने उत्तर दिले. ताकेशी हिरायामा यांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांचा चौदा वर्षे मागोवा घेतला. ज्यांचे पती फार सिगारेटी ओढत, त्या स्त्रियांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू इतर स्त्रियांच्या मानाने जवळजवळ दुप्पट होते. त्या बायकांनी आयुष्यात सिगारेट हाती धरलेली नव्हती.

सार्वजनिक ठिकाणी बंदी घातली तर काय होते, हे स्कॉटलंडने दाखवून दिले. तेथे मार्च २००६ मध्ये बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानास मनाई झाली. पुढच्या वर्षी नऊ रुग्णालयांत हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने दाखल होणाऱ्यांची संख्या १७ टक्क्यांनी घटली. त्याच काळात इंग्लंडमध्ये, जेथे असा कायदा अद्याप नव्हता, ही घट अवघी ४ टक्के होती. आणि स्कॉटलंडमधील घटीपैकी सुमारे दोन तृतीयांश रुग्ण धूम्रपान न करणारे होते.

आपल्याकडे हा लढा न्यायालयांतून आला. केरळच्या उच्च न्यायालयाने जुलै १९९९ मध्ये सार्वजनिक धूम्रपानाविरुद्ध निर्णय दिला. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी देशभर तसा आदेश दिला. मग २००३ चा कायदा, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे कडक नियम. एसटीच्या गाडीत पुढच्या बाकावरून मागे येणारा विडीचा धूर आमच्या वडिलांच्या पिढीला नित्याचा होता. आमच्या पिढीने तो जवळजवळ पाहिलाच नाही. कुणाचा स्वभाव बदलला म्हणून हे झाले असे मला वाटत नाही. नियम बदलला, मग रीत बदलली.

पळवाटांचा धडा

तरीही कायदा केला की काम संपले असे नाही. गुटख्याचेच पाहा. महाराष्ट्राने १ ऑगस्ट २००२ पासून गुटखा बंद केला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली. तत्कालीन अन्नभेसळ कायद्याखाली असा अधिकार राज्याच्या अधिकाऱ्यास नाही, असा त्याचा मथितार्थ होता. २०११ च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांनी खाद्यपदार्थात तंबाखू वा निकोटीन मिसळण्यास मनाई केली, आणि त्या आधारे जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने पुन्हा बंदी आणली.

मग अनेक ठिकाणी पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, अशी जोडी विकली जाऊ लागली. ग्राहकाने दोन्ही फाडून तळहातावर एकत्र केल्या की गुटखा तयार. चोरटा माल पकडल्याच्या बातम्याही आपण वरचेवर वाचतो. यावरून 'बंदी फसली' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मला तो घाईचा वाटतो. २००९-१० मध्ये महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ३१.४ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरीत. २०१६-१७ मध्ये हे प्रमाण २६.६ टक्क्यांवर आले. साऱ्या देशात ते ३४.६ वरून २८.६ झाले. पंधरा ते चोवीस ह्या वयोगटात १८.४ वरून १२.४. ही घट अमुक एका कायद्यामुळे झाली असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही; कर, चित्रे, बंदी, प्रचार सारेच एका वेळी चालू होते. परंतु उपाय एकत्रितपणे योजले तर प्रमाण घटते, आणि जेथे फट राहते तेथून सवय वाट काढते, एवढे निश्चित म्हणता येईल.

आजीची मशेरी

आता घरगुती कारण सांगतो. माझी आजी मशेरी लावते. लावत असे म्हणायला हवे. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुस्करायची, डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांना चोळत बसायचे. मी शाळेत असताना एकदा तिला म्हटले, "आजी, ही तंबाखू आहे." ती म्हणाली, "आरं, ही काय बिडी हाय व्हय? दात घासायची राखुंडी ही."

चार वर्षांपूर्वी तिच्या गालाच्या आतल्या बाजूस पांढरा चट्टा उठला. पुढे तो भाग शस्त्रक्रियेने काढावा लागला. आजी वाचली, पण आज ती दुधात कुस्करलेली भाकरी खाते आणि पाहुणे आले की तोंडावर पदर धरते.

वर सांगितलेल्या उपायांपैकी आजीपर्यंत कोणता पोचला असता? ती भाजून घेई ती पानाची तंबाखू, आठवड्याच्या बाजारातून कागदात बांधून आणलेली. तिला किंमत नाममात्र, चित्र नाही. तिच्यासाठी उपाय हवा तो घरात येणारा. आणि तोही सिद्ध झालेला आहे. डॉ. मेहता, प्रकाश गुप्ता व डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग यांनी केरळातील एर्नाकुलम, गुजरातेतील भावनगर आणि आंध्रातील श्रीकाकुलम ह्या जिल्ह्यांत तंबाखू वापरणाऱ्या सुमारे ३६,००० लोकांवर एक मोठा प्रयोग केला. कार्यकर्ते घरोघर जात, तोंड तपासत, आणि त्या त्या माणसाशी त्याच्या सवयीबद्दल समोरासमोर बोलत. १९८६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशा प्रयत्नाने तंबाखू सोडणारे वाढतात, आणि तोंडातले पांढरे चट्टे, जे पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतात, त्यांचे नव्याने उद्भवणे कमी होते, असे दिसून आले.

आजीच्या शस्त्रक्रियेनंतर आमच्या वाडीत आशाताई बॅटरी घेऊन चार घरे फिरल्या. आजीने स्वतः पदर बाजूला करून शेजारणींना गाल दाखवला. त्यांतल्या काहींच्या मशेरीच्या डब्या आता रिकाम्या आहेत. हा शास्त्रीय पुरावा नव्हे, हे मला कळते. पण एर्नाकुलमच्या प्रयोगाचा अर्थ मला तेथे उमगला.

पोटाचा प्रश्न

एक आक्षेप राहतो आणि तो टाळून चालणार नाही. सोलापूरच्या हजारो स्त्रियांचा संसार विड्या वळून चालतो. त्यांच्यापैकी दहा हजार जणींनी गोदूताई परुळेकर यांच्या नावाची घरकुले उभी केली, हा महाराष्ट्राच्या कामगार चळवळीतला अभिमानाचा भाग आहे. विडी महाग झाली तर त्यांनी काय करावे?

आरोग्याच्या नावाखाली ह्या प्रश्नाकडे पाठ फिरवणे अन्यायाचे होईल. तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय कराराने, जो २००५ मध्ये अमलात आला व ज्यावर भारताने त्याआधीच, २००४ मध्ये, शिक्कामोर्तब केले होते, सतराव्या कलमात तंबाखूवर जगणाऱ्यांना पर्यायी उपजीविका देण्याचे मान्य केले आहे. वाढलेल्या कराचा पैसा त्याच कामी वापरता येईल. पण हेही विसरू नये की, दिवसभर मांडीवर सूप घेऊन तंबाखूची धूळ छातीत घेणाऱ्या त्या बाईला ह्या धंद्यातून मिळते ते अगदी थोडे. तिच्या मुलीने हाच धंदा करावा असे तिला तरी वाटते काय? तिचे नाव पुढे करून कर कमी ठेवायचा, आणि तिला मात्र होती तेथेच ठेवायचे, हे सरळ वागणे नव्हे.

पुन्हा फाटकाशी

सुटी संपल्यावर मी काकांच्या टपरीवर गेलो आणि वाचलेले त्यांना सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे पोरं पलीकडच्या चौकात जाणार नाहीत, असं म्हणायचंय तुला?"

मी म्हटले, "काही जातील, काका. ज्यांना सवय लागली ते जातील. पण मी पहिल्या वर्षाला एवढ्या लांब गेलो नसतो."

ते काही बोलले नाहीत. माझ्या मते शंभर यार्डांचा खरा अर्थ हाच आहे. तो नियम जुन्या खाणाऱ्यासाठी नाही. ज्याने अजून सुरुवात केलेली नाही त्याच्यासाठी आहे. सर्वेक्षणाप्रमाणे आपल्या देशात तंबाखू सुरू करण्याचे सरासरी वय एकोणिसाच्या आसपास आहे. म्हणजे प्रथम वर्षाचा वर्ग. म्हणजे आपले फाटक.

म्हणून लेखाच्या शेवटी माननीय प्राचार्य, प्राध्यापकवर्ग आणि विद्यार्थी-मित्र यांच्यापुढे तीन विनंत्या ठेवतो. पहिली, कायद्याने सांगितलेला फलक फाटकावर लागावा आणि शंभर यार्डांची पिवळी रेषा रस्त्यावर आखली जावी. दुसरी, टपरीवाल्यांना हुसकावून न लावता, चहा-नाश्ता, वह्या-पेने, झेरॉक्स ह्यांवर त्यांचा धंदा चालेल अशी बोलणी व्हावी. आपण गिऱ्हाईक झालो तर ते अशक्य नाही. तिसरी, ज्यांना सोडायची आहे त्यांना लाज न आणता मदत मिळावी. १८००-११-२३५६ हा शासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवरच छापलेला असतो. तो आपल्या सूचनाफलकावरही असावा. कँटीनच्या मागच्या भिंतीशी उभे राहणाऱ्यांत आपले मित्रच आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांना ती सोडायची आहे, हे विसरू नये.

आमची टेप अजून राष्ट्रीय सेवा योजनेच्या कपाटात आहे. येत्या जूनमध्ये नवे विद्यार्थी येण्यापूर्वी ती पुन्हा एकदा बाहेर काढण्याचा आमचा विचार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी जरूर यावे.